मेपल, भूर्ज, अक्रोड : परसातल्या झाडांच्या रसाचं सिरप

उसाच्या रसात साखर १८ ते २० टक्के असते, मेपलच्या रसात २ टक्क्यांच्या आसपास. गुऱ्हाळावर काकवी होताना पाहिलेल्या माणसाला मेपल सिरपच्या कामात फारसं नवखं काही वाटणार नाही. काहील, मळी, जाळ, सगळं ओळखीचं. पण आकड्यांमधला हा फरक पहिल्याच दिवशी घाम काढतो. एक लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस लागतो, म्हणजे ३९ लिटर पाणी वाफ करून हवेत सोडायचं. भूर्जाच्या रसाला तर १०० लिटरच्या पुढे जावं लागतं.

हा लेख अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्य-पश्चिम भागात किंवा पूर्व कॅनडात राहणाऱ्या आणि परसात दोन-चार जुनी झाडं असलेल्या मंडळींसाठी आहे. सुरुवात मेपलपासून करा. भूर्ज, अक्रोड, सिकमोर यांच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वळा. प्रत्येकाच्या रसात साखर किती आणि कोणती, हे वेगळं असतं आणि त्यामुळे आचही वेगळी लागते. मेपलची आच भूर्जाला दिली की कडू काळा राप हाती येतो.

ही विद्या इथल्या मूळ रहिवाशांची. ओजिब्वे, अबेनाकी, हौडेनोशौनी हे समाज युरोपीय लोक यायच्या कितीतरी आधीपासून मेपलचा रस आटवत आले. ते मुख्यतः साखर करत, कारण पातळ सिरपपेक्षा कोरडी साखर साठवायला आणि वाहून न्यायला सोपी. ग्रेट लेक्सच्या परिसरात ओजिब्वे कुटुंबं आजही वसंताच्या तोंडावर मेपलच्या रानात तळ टाकतात.

झाड ओळखा, तेही पानगळीच्या आधी

फेब्रुवारीत सगळी झाडं सारखीच खराट्यासारखी दिसतात. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पानं असतानाच झाडं हेरून ठेवा आणि खोडाला रंगीत फीत बांधा. ओळख पटली नाही तर त्या झाडाला भोक पाडायचं नाही, हा नियम कडक पाळा.

मेपलच्या डहाळ्या आणि पानं समोरासमोर फुटतात. ॲश या दुसऱ्या झाडाचीही तशीच असतात, पण ॲशचं पान संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर अनेक छोटी पानं. मेपलमध्ये सगळ्यात गोड शुगर मेपल. त्याच्या कळ्या तपकिरी, बारीक आणि टोकदार. रेड मेपलच्या कळ्या लालसर आणि गोलसर. सिल्व्हर मेपलची काडी मोडून हुंगली तर नकोसा वास येतो. नॉर्वे मेपल शहरी वस्त्यांमध्ये रस्त्याकडेला खूप लावलेला असतो. पानाचा देठ तोडला की पांढरा चीक दिसतो. या सगळ्यांचं सिरप होतं. फक्त शुगर मेपल सोडून बाकीच्यांत साखर थोडी कमी, आणि रेड व सिल्व्हर मेपल लवकर कळ्या धरतात, त्यामुळे त्यांचा हंगाम आखूड. बॉक्स एल्डर हाही मेपलच, जरी त्याची तीन ते पाच पानांची संयुक्त पानं पाहून कोणाला तसं वाटणार नाही. कॅनडाच्या गवताळ प्रदेशात शुगर मेपल जवळपास नसतोच, तिथे याच्यावरच भिस्त. सिॲटल किंवा व्हँकूवरकडे असाल तर तुमचं झाड बिगलीफ मेपल. तिथे गोठवणारी थंडी क्वचित पडते म्हणून रस डिसेंबर ते फेब्रुवारीत, तुकड्यातुकड्यांनी येतो.

भूर्ज ओळखायला कष्ट नाहीत. पेपर बर्चची साल पांढरी आणि कागदासारखी सुटणारी. आपल्या पोथ्यांचं भूर्जपत्र देणारं हिमालयातलं झाड याच कुळातलं. यलो बर्च आणि स्वीट बर्च यांची काडी खरवडली की विंटरग्रीनचा, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमासारखा वास येतो. काळ्या अक्रोडाची काडी उभी चिरून पाहा, आतल्या भेंडात आडवे कप्पे दिसतील. सिकमोर नदीकाठी वाढतो, साल ठिगळाठिगळांनी गळून खाली पांढरं खोड दिसतं. काश्मीरचा चिनार हा त्याचा जवळचा नातेवाईक.

झाडाची जाडी छातीच्या उंचीवर किमान १० ते १२ इंच असावी. एवढ्या झाडाला रस काढायची एकच तोटी. दीड फुटाच्या वर गेलेल्या निरोगी झाडाला दोन. त्याहून जास्त तोट्या ठोकणारे असतात, तसं करू नका. खोड पोकळ असेल, वठत आलेलं असेल किंवा त्यावर कीटकनाशक मारलेलं असेल तर ते झाड सोडून द्या. घरासमोरच्या फुटपाथलगतचं झाड बहुधा नगरपालिकेचं असतं, तेव्हा आधी विचारा.

रस कधी वाहतो

मेपलला रात्री गोठवणारी आणि दिवसा गोठणबिंदूच्या वर जाणारी हवा लागते. रात्री उणे ५ अंश सेल्सियस आणि दुपारी अधिक ५, ही उत्तम जोडी. मेपलच्या लाकडातल्या तंतूंमध्ये हवा भरलेली असते. रात्री ती आक्रसते, आत बर्फ धरतो आणि झाड मुळांकडून पाणी ओढून घेतं. सकाळी ऊन लागलं की बर्फ वितळतो, हवा फुगते आणि रस बाहेरच्या दिशेने दाबला जातो. रात्र गोठली नाही तर दुसऱ्या दिवशी बादली कोरडी. म्हणून कॅलेंडर न पाहता दहा दिवसांचा हवामान अंदाज पाहा. मिशिगन, न्यूयॉर्क, व्हरमाँट या पट्ट्यात बहुधा फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत काम चालतं. दक्षिणेकडे ते आणखी आधी सुरू होतं. अक्रोडाचा रसही याच तऱ्हेने येतो, म्हणून त्याला मेपलबरोबरच तोटी लावा.

भूर्जाचं तंत्र निराळं. त्याचा रस मुळांच्या दाबाने वर चढतो, त्यासाठी जमीन ऊब धरू लागली पाहिजे. मेपलचा हंगाम आटोपता आटोपता भूर्जाचा सुरू होतो आणि दोन-तीन आठवड्यांत संपतो. एकच सामान दोन्हींना पुरतं, ही त्यातली सोय.

कोकणातले आणि गोव्यातले वाचक इथे विचारतील की माडाला तर थंडी लागत नाही. बरोबर, कारण माडाच्या खोडाला भोक पाडतच नाहीत. माडाचा रस काढणारा रेंदेर किंवा भंडारी न उमललेली पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, बांधून, ठोकून, तिचं टोक रोज कापतो आणि फुलोऱ्याकडे निघालेली साखर मडक्यात उतरवून घेतो. त्या रसात साखर १२ ते १५ टक्के, म्हणून गूळ लवकर होतो. पण ऊबदार हवेत तो काही तासांत आंबतो, म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. ते कसब वेगळं, महाराष्ट्रात नीरेला परवानाही लागतो, आणि माडावर चढणं लेख वाचून शिकायची गोष्ट नव्हे.

भोक आणि तोटी

सामान थोडं लागतं : ५/१६ इंचाचं धारदार बिट असलेलं ड्रिल, त्याच मापाच्या तोट्या, हलका हातोडा आणि झाकणाच्या बादल्या किंवा नळीने जोडलेले कॅन. प्लास्टिक खाद्यपदार्थांसाठीचंच हवं. जुन्या वस्तूंच्या दुकानात पत्र्याच्या सुंदर बादल्या मिळतात, पण त्यांच्या सांध्यांच्या डाखात शिसं असू शकतं. त्यांत फुलझाडं लावा, रस नको.

गोठणबिंदूच्या वर गेलेल्या दिवशी काम करा, गोठलेलं लाकूड तोटी ठोकताना चिरतं. कमरेच्या उंचीवर, किंचित वरच्या दिशेने तिरकं भोक पाडा, म्हणजे रस आपोआप बाहेर उतरेल. खोली दीड ते दोन इंच. बिटवर टेपची खूण करून ठेवा. बाहेर पडणारा भुसा पांढरा किंवा फिकट मलईच्या रंगाचा असेल तर जागा चांगली. तपकिरी भुसा आला तर तिथे मेलेलं लाकूड आहे, दुसरी जागा शोधा. अक्रोडात हे जास्त सांभाळावं लागतं, कारण त्याचं रस वाहणारं पांढरं लाकूड अरुंद असतं आणि लगेच गडद गाभा लागतो. तिथे दीड इंचावर थांबा.

भोकात जंतुनाशक वगैरे काही घालायचं नाही. बिट स्वच्छ असलं की पुरे. तोटी हलक्या हाताने ठोका. आवाज भरीव झाला की थांबा. नंतरचे दोन फटके फक्त झाडाला चीर पाडतात. बादली टांगा, झाकण लावा, नाहीतर पावसाचं पाणी आणि पतंग दोन्ही आटवत बसाल.

चांगल्या दिवशी एका तोटीतून चार-पाच लिटर किंवा जास्तही रस येतो, वाईट दिवशी वाटीभर. पूर्ण हंगामात मेपलच्या एका तोटीचे सुमारे ४० लिटर धरा, म्हणजे लिटरभर सिरप. अक्रोड यापेक्षा बराच कंजूस. या हिशोबानेच ठरवा. परसातल्या चुलीवर आटवणाऱ्याला पाच-सहा तोट्या भरपूर झाल्या.

रस सांभाळणं

रस पाण्यासारखा दिसतो, पण त्यात साखर आहे आणि जंतू ते विसरत नाहीत. रोज गोळा करा, कापडातून गाळा, ४ अंशांच्या खाली ठेवा आणि दोन-तीन दिवसांत आटवा. घराच्या उत्तर बाजूला बर्फात खोचलेला कॅन हा उत्तम फ्रिज. रस दुधी, गढूळ दिसू लागला की तो फेका. भूर्जाचा रस आणखी लवकर बिघडतो, तो त्याच दिवशी चुलीवर गेला पाहिजे.

सकाळी बादलीत वर बर्फाचा थर धरलेला दिसला तर तो काढून टाका. गोठताना पाणी आधी गोठतं आणि साखर बहुतांशी खाली राहते. बर्फात थोडी साखर जाते, हे खरं, पण वाचलेल्या सरपणाच्या मानाने ते नुकसान काहीच नाही.

किती आटवायचं याचा जुना ठोकताळा सोपा आहे : ८६ ला साखरेच्या टक्क्यांनी भागा. २ टक्के असेल तर ४३ लिटर रसाचं एक लिटर सिरप, ३ टक्के असेल तर २९, १ टक्का असेल तर ८६. रसातली साखर मोजणारं उपकरण, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर, स्वस्तातला घेतलात तर प्रत्येक झाडाची परीक्षा घेता येते. शेजारशेजारच्या दोन मेपलमध्येही फरक दिसतो.

आटवणं

घरात करू नका. ३९ लिटर पाण्याची वाफ स्वयंपाकघरात सोडली की भिंतीचा कागद सुटतो. बाहेर सिमेंटच्या पोकळ ब्लॉकची चूल रचा, मागे धुराडं उभं करा आणि वर उपाहारगृहातले स्टीलचे उथळ, आयताकृती ट्रे ओळीने बसवा. खोल पातेलं इथे निरुपयोगी, कारण वाफ पृष्ठभागातून निघते. चांगला जाळ असेल तर एका चौरस फुटातून तासाला जेमतेम एक गॅलन (पावणेचार लिटर) पाणी उडतं. ट्रे मोजा, रस मोजा, म्हणजे घरी जेवायला कधी येणार हे आधीच सांगता येईल.

सरपण सुकं आणि मनगटाएवढं बारीक चिरलेलं हवं. जाड ओंडका ऊब देतो, उकळी देत नाही. ट्रेमध्ये रस इंच-दोन इंच खोल ठेवा आणि उकळी मोडणार नाही अशा बेताने भर घालत राहा. धुराड्याजवळच्या ट्रेमध्ये नवा रस तापवायचा आणि तिथून पुढे सरकवायचा, ही रीत सगळ्यात सुटसुटीत. मळी वर आली की झाऱ्याने काढा. फेस उतू जायला लागला तर तुपाचा किंवा लोण्याचा अगदी एक थेंब पुरतो. ट्रेची पातळी कधीही अर्ध्या इंचाखाली जाऊ देऊ नका. करपायला मिनिटही लागत नाही, आणि करपलेला वास कशानेच जात नाही.

रस सोनेरी झाला आणि एका उंच पातेल्यात मावेल एवढा उरला की तो गाळून घरात आणा. शेवटचा टप्पा गॅसवर, थर्मामीटर घेऊन. आधी त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने साधं पाणी किती अंशांना उकळतं ते पाहा. हवेचा दाब आणि गावाची उंची यांनी तो आकडा बदलतो. मेपल सिरप पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या ४ अंश सेल्सियस वर तयार होतं, फॅरनहाइटमध्ये ७ अंश. समुद्रसपाटीला म्हणजे साधारण १०४ किंवा २१९. तेव्हा साखर ६६ टक्के असते. बोटांत तार तपासायची आपली सवय इथे सोडा. तार येईपर्यंत थांबलात तर सिरप पुढे गेलं आणि काही दिवसांनी बाटलीच्या तळाशी खडीसाखर धरणार. उलट पातळ राहिलं तर बुरशी येणार. या टप्प्यावर पातेल्यापासून हलायचं नाही, फोनसुद्धा घ्यायचा नाही. फेस एकदम चढतो.

गरम असतानाच लोकरीच्या किंवा सिंथेटिक फेल्टच्या, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाच्या, गाळण्यातून गाळा. रसातली खनिजं आटताना वाळूसारखा साका होऊन खाली बसतात. तो खाल्ल्याने काही होत नाही, पण दाताखाली कचकच लागते.

भूर्ज : मंद, आणखी मंद

मेपलच्या रसात जवळपास सगळी साखर सुक्रोज, आपली नेहमीची. भूर्जाच्या रसात मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज असतं. फ्रुक्टोज फार कमी तापमानाला करपतं. शिवाय साखर एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, म्हणजे आच जास्त वेळ आणि करपण्याची भीती मोठी. सुरुवातीचा पाणीदार टप्पा जोरात उकळला तरी चालतो. रस चहाच्या रंगाचा झाला की जाळ ओढा, बुडबुडे न येता नुसती वाफ निघत राहील इतका. शेवटी भांडं उकळत्या पाण्यावर ठेवून आटवणं सर्वांत सुरक्षित. त्याला रात्र लागते, लागू द्या.

१०४ अंशांचा नियम इथे चालत नाही. या लहान रेणूंच्या साखरा तेवढ्याच टक्क्यांना उत्कलनबिंदू जास्त वर नेतात, त्यामुळे १०४ ला थांबलात तर सिरप पातळच राहील. रिफ्रॅक्टोमीटर हाच खरा साक्षीदार. तो ६६-६७ दाखवेल तेव्हा उतरवा. चव काकवीच्या जवळची, आंबटसर, किंचित कडवट. पॅनकेकवर ओतलंत तर निराश व्हाल. माशाला किंवा कोंबडीला लावण्याच्या मसाल्यात, भाजलेल्या बीटावर, चिंचेऐवजी आमटीत चमचाभर, अशा ठिकाणी ते उजळतं.

अक्रोड आणि सिकमोर

अक्रोडाच्या रसात साखर मेपलच्या जवळपास, त्यामुळे आटवायची रीत आणि तापमान मेपलचंच. अडचण गाळताना येते. त्यात पेक्टिन असतं, जॅम घट्ट करणारं तेच, आणि ते गाळण्यावर जेलीसारखं बसून सगळं तुंबवतं. मळी वारंवार काढा, गाळणं गरम पाण्याने धूत राहा आणि थोडं थोडं गाळा. तरीही काही भाग वाया जातो. चवीला मात्र मला ते मेपलपेक्षा सरस वाटतं, खमंग आणि गोडाला कमी. कोणाला अक्रोडाची ॲलर्जी असेल तर त्याला हे देऊ नका, आणि बाटलीवर ठळक लिहा.

सिकमोरचा रस भूर्जाइतकाच पाणीदार. सिरपला बटरस्कॉचची झाक येते. बरणीभर करून पाहण्यासारखं, दरवर्षी करण्यासारखं नाही.

भरणं आणि वड्या

सिरप ८२ ते ८५ अंशांवर असताना उकळून घेतलेल्या काचेच्या बाटल्यांत भरा, झाकण लावा आणि दोन मिनिटं बाटली आडवी करा म्हणजे झाकणही आतून तापेल. बंद बाटली थंड जागी वर्षभर सहज टिकते. उघडल्यावर फ्रिजमध्ये. हंगामाच्या सुरुवातीचं सिरप फिकट आणि नाजूक, शेवटचं गडद आणि दमदार. श्रीखंडात फिकट शोभतं, घावनाबरोबर गडद.

मेपलच्या वड्या हव्या असतील तर सिरप ११३ अंशांपर्यंत न्या, न हलवता ९० अंशांच्या खाली येऊ द्या, मग लाकडी चमच्याने घोटा. चकाकी जाऊन ते मलईदार झालं की लगेच साच्यात ओता. उशीर केलात तर पातेल्यातच वडी होईल. भूर्जाच्या सिरपची वडी पडत नाही, त्यात दाणा धरणारं सुक्रोजच नगण्य आहे. त्यावर वेळ घालवू नका.

हंगाम कधी संपला हे कळ्या सांगतात. मेपलच्या कळ्या फुगल्या की रसाला शिळा, चरबट वास येतो आणि तो आटवल्यावर वाढतो. त्या दिवशी तोट्या काढा. भोक मेणाने, खुंटीने, कशानेही बुजवू नका. झाड आतून ती जागा स्वतः बंद करून घेतं आणि उघडं भोक कोरडं राहून लवकर भरतं. तोट्या आणि ट्रे साबणाशिवाय गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. पुढच्या वर्षी नवं भोक जुन्यापासून आडवं किमान ६ इंच सरकवून आणि वर-खाली बरंच अंतर राखून पाडा, कारण जुन्या भोकाच्या वर-खाली लाकडाचा उभा पट्टा कायमचा निकामी झालेला असतो. भूर्ज मात्र जखमेवर लवकर कुजतो, त्याला एक-दोन वर्षं विश्रांती द्या.